‘ऑल्दो’ आल्यावर ‘बट’ का नको? नववीतल्या मुलीला काय सांगू?

प्रश्न : वडगाव_क्लास

मी वडगाव बुद्रुकला घरीच आठवी ते दहावीच्या मुलांचे इंग्रजीचे क्लास घेते. काही मुलं मराठी माध्यमाची, काही सेमीची. उभयान्वयी अव्ययांची यादी सगळ्यांना तोंडपाठ आहे. बिकॉज म्हणजे कारण, ऑल्दो म्हणजे जरी, बट म्हणजे पण, अनटिल म्हणजे जोपर्यंत. रिकाम्या जागा भरायला दिल्या की पैकीच्या पैकी गुण. पण स्वतःच्या मनाने वाक्यं लिहायला सांगितली की वहीत हे असं येतं:

“ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू खडकवासला.”

“बिकॉज द बस वॉज लेट, सो आय मिस्ड द फर्स्ट पिरियड.”

“वेट ॲट स्वारगेट अनटिल आय डोन्ट कम.”

यातलं काय खोडायचं ते मला माहीत आहे. का खोडायचं, तिथे गाडी अडते. परवा नववीतल्या एका मुलीने विचारलं, “टीचर, मराठीत ‘जरी’ म्हटलं की पुढे ‘तरी’ यावंच लागतं. मग इंग्रजीत ‘ऑल्दो’ म्हटल्यावर पुढे काहीच कसं नाही? वाक्य लोंबकळल्यासारखं नाही का वाटत?”

“नियम आहे, पाठ कर” असं मला तिला सांगायचं नाहीये. प्रश्न अगदी खरा आहे आणि तिने तो स्वतः विचार करून काढलाय. आप्पा बळवंत चौकातून आणलेली गाइडं चाळली. नियम आहे, उदाहरणं आहेत, कारण कुठेच नाही. इथे शिकवणारे, मसुदे लिहिणारे, भाषांतर करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते. मुलांना पटेल असं कारण हवंय. वर्गात करून घेता येईल असं काही असेल तर तेही सांगा.

उत्तर : हिंजवडी_फेज२

ताई, आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलांना मेल लिहायला शिकवताना मी सरळ मोजायला लावतो. वाक्यात काळ दाखवणारी क्रियापदं किती ते मोजायचं, त्यातून एक वजा करायचा, उरतील तेवढेच जोडणारे शब्द. “इट वॉज रेनिंग” हे एक, “वी वेंट” हे दुसरं. दोनातून एक गेला, उरला एक. मग ‘ऑल्दो’ ठेवा नाहीतर ‘बट’ ठेवा:

“ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट.”

“इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.”

दोन्ही बरोबर. यामागचं कारण शिक्षक मंडळी सांगतीलच, पण पाठवायच्या आधी एवढं मोजलं तरी मेल सुधारते हे मी रोज बघतो.

उत्तर : संध्याकाळचा_वर्ग

ताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. तिने जे हेरलंय ते या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे.

मी अलका टॉकीजच्या चौकापासून जवळच संध्याकाळी कामकरी लोकांना इंग्रजी शिकवतो. वायरमन आहेत, पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुली आहेत, बसचे कंडक्टर आहेत, एका दवाखान्यातल्या मावशी आहेत. या सगळ्यांच्या वहीत तुम्ही दिलेली तिन्ही वाक्यं सापडतात, शब्द तेवढे वेगळे. वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या शाळांतून आलेली माणसं नेमकी एकच गोष्ट करत असतील तर त्याला निष्काळजीपणा कसं म्हणायचं? ते मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळतायत. हे त्यांना सांगितलंच पाहिजे, आणि आधी सांगितलं पाहिजे. नुसतं खोडलं की माणसाला वाटतं आपल्याला भाषाच येत नाही.

आता मराठी काय करते ते बघा. जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जसं–तसं, जोपर्यंत–तोपर्यंत. आपली भाषा दोन्ही टोकांना गाठ मारते. एक ‘ज’ची, एक ‘त’ची. पण या दोन गाठी सारख्या घट्ट नाहीत. फळ्यावर एवढंच लिहा आणि कोणतं कानाला बरं वाटतं ते मुलांनाच विचारा:

“जरी पाऊस होता, आम्ही गेलो.”

“पाऊस होता तरी आम्ही गेलो.”

पहिलं वाक्य ऐकताना काहीतरी राहिलंय असं वाटतं. दुसऱ्यात ‘जरी’ नाही याची आठवणसुद्धा येत नाही. “तू आलास तर मी येईन” यात ‘जर’ कुठे आहे? “तो आला तेव्हा मी जेवत होते” यात ‘जेव्हा’ कुठे आहे? म्हणजे आपल्याकडे ‘ज’ सोडला तरी चालतो, ‘त’ सोडून चालत नाही.

इंग्रजीत बरोबर उलटं आहे. तिथली गाठ एकच, आणि ती ‘ज’च्या जागी, दुय्यम वाक्याच्या तोंडाशी. ‘ऑल्दो’, ‘इफ’, ‘व्हेन’, ‘बिकॉज’ हे सगळे आपापल्या वाक्याच्या सुरुवातीला बसतात आणि पुढच्या वाक्याला ‘त’ लागत नाही. यादीत ‘ऑल्दो म्हणजे जरी’ असं पाठ केलेलं मूल ‘जरी’चं काम करून पुढे जातं, आणि मग मराठीच्या सवयीने ज्याच्यावाचून अडतं तो ‘तरी’ शोधायला लागतं. हाताशी ‘बट’ असतो. तो लावून मोकळं होतं. तुमच्या मुलीला वाक्य लोंबकळल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

पण ‘बट’च का चालत नाही, याचं उत्तर तिला तिच्याच मराठीच्या तासात मिळेल. संयुक्त वाक्य आणि मिश्र वाक्य मुलांनी शिकलेलं असतं. प्रधानत्वबोधक आणि गौणत्वबोधक उभयान्वयी अव्ययं शिकलेली असतात, पण इंग्रजीच्या तासाला कुणी त्यांची आठवण काढत नाही. खरं तर हे साचे एकमेकांना परके नाहीत. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण छापून आलं, तेव्हापासूनच आपल्या शालेय व्याकरणावर इंग्रजी व्याकरणाचा ठसा आहे. तेव्हा बेलाशक जोडून दाखवा. ‘बट’ हा आपला न्यूनत्वबोधक, म्हणजे प्रधानत्वबोधकांच्या घरातला. त्याला दोन्ही बाजूंना स्वतंत्र, बरोबरीची वाक्यं लागतात. ‘ऑल्दो’ गौणत्वबोधक. तो ज्या वाक्याला लागतो त्याला दुय्यम करून टाकतो. आता “ऑल्दो इट वॉज रेनिंग” हे दुय्यम झालं, एकटं उभं राहू शकत नाही. ‘बट’ला तर डाव्या हाताला स्वतंत्र वाक्य हवं. ते उरलंच नाही. दोघांच्या अटी एकाच वेळी पुऱ्या होऊच शकत नाहीत. नियम कुणाच्या मर्जीतून आलेला नाही, तो एवढाच आहे.

‘बट’च्या घरात इंग्रजीत मोजकी सात माणसं: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. इंग्रजी शाळांत पहिली अक्षरं घेऊन ‘फॅनबॉइज’ असं पाठ करून घेतात. ‘फॉर’ कारण सांगायला वापरतात तो बोलण्यात जवळपास येत नाही, दहावीपर्यंत सोडून दिलात तरी चालेल.

वर्गात करायला एक गोष्ट सांगतो, हिला खर्च शून्य. कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, एकीवर “वी वेंट”, दुसरीवर “इट वॉज रेनिंग”. ‘ऑल्दो’ची चिठ्ठी पावसाच्या पट्टीला डिंकाने चिकटवून टाका, कारण ती तिचीच आहे. आता पट्ट्यांची अदलाबदल करू द्या. “ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट.” “वी वेंट ऑल्दो इट वॉज रेनिंग.” दोन्हीकडे अर्थ शाबूत. मग ‘ऑल्दो’ काढा, ‘बट’ची चिठ्ठी “वी वेंट”ला चिकटवा आणि तीच अदलाबदल करा: “बट वी वेंट, इट वॉज रेनिंग.” वाक्य मोडतं. मुलांच्या ते लगेच लक्षात येतं, सांगावं लागत नाही. ‘बट’ची जागा मधलीच, तो पट्टीबरोबर फिरत नाही. जाता जाता स्वल्पविरामही शिकवून होतो: ‘ऑल्दो’ची पट्टी आधी आली तर दोन पट्ट्यांच्या मध्ये स्वल्पविराम, ‘बट’च्या आधी स्वल्पविराम, आणि ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘व्हेन’ची पट्टी मागे गेली तर बहुधा लागत नाही.

‘बिकॉज… सो’चं दुखणं याच कुळातलं आहे, पण तिथे कानही फसवतो. “बस उशिरा आली म्हणून माझा पहिला तास बुडाला” हे मोठ्याने म्हणून बघा. श्वास कुठे घेता? ‘म्हणून’च्या नंतर. कारण सांगून झालं की त्याच्या शेपटाला आपण ‘म्हणून’ लावतो. मुलाला इंग्रजी वाक्याच्या मधोमध तोच आवाज हवासा वाटतो आणि ‘सो’ येतो. आधी ‘बिकॉज’ लावून झालेला आहे, हे तोवर विसरलेलं असतं.

आता ‘अनटिल’. याच्यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण याने खरंच नुकसान होऊ शकतं. माझ्या वर्गातला एक वायरमन सहकारनगरच्या एका सोसायटीत मीटरच्या पॅनलवर काम करत होता. काम चालू असताना कुणी मेन स्विच चालू करू नये म्हणून त्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहून पाटी अडकवली. शब्द असे: “डोन्ट स्विच ऑन अनटिल आय डोन्ट टेल यू.” पाटीचा फोटो त्याने मला दाखवला. त्या पुठ्ठ्यावर आम्ही वर्गाचा अख्खा तास बोललो.

मराठीत हे वाक्य निर्दोष आहे: “जोपर्यंत मी सांगत नाही तोपर्यंत चालू करू नका.” जोपर्यंतच्या पोटात आपण ‘नाही’ घालतो, कारण आपण त्या संपूर्ण काळाचं वर्णन करत असतो: हा जो सगळा वेळ मी सांगत नाहीये, तो सगळा वेळ. इंग्रजीचा ‘अनटिल’ काळाचं वर्णन करत नाही, तो फक्त हद्दीचा दगड दाखवतो. कुठवर थांबायचं? मी सांगेन त्या क्षणापर्यंत. तिथे ‘डोन्ट’ घातला की हद्दीचा दगड होतो ‘मी न सांगणं’. आणि न सांगणं तर आत्ता, या क्षणी चालूच आहे! म्हणजे शब्दशः घेतलं तर थांबायची गरजच नाही. आपल्या पुण्यातल्या माणसाला खरा अर्थ कळेल, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यातही ‘जोपर्यंत नाही’ हाच साचा आहे. परगावाहून आलेला, मराठी किंवा हिंदी न येणारा कुणी असेल तर तो त्या पाटीपुढे घुटमळेल, आणि विजेच्या स्विचपुढे माणसाने घुटमळावं अशी पाटी नको.

यावर उपायही मराठीतच आहे. ‘जोपर्यंत’च्या वाटेने जाऊच नका. आपल्याकडे दुसरं रूप आहे ज्यात ‘नाही’ नसतं: “मी सांगेपर्यंत चालू करू नका.” “मी येईपर्यंत स्वारगेटला थांब.” आता उतरवा: “डोन्ट स्विच ऑन अनटिल आय टेल यू.” “वेट ॲट स्वारगेट अनटिल आय कम.” सरळ उतरतं. तसंच ‘अनलेस’. मुलं “अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल नॉट पास” लिहितात, कारण यादीत ‘अनलेस म्हणजे जर नाही तर’ असं असतं आणि ‘नाही’ दोनदा येतो. यादीतली ती ओळ खोडून ‘केल्याशिवाय’ लिहा. “अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस.” ‘शिवाय’ने ‘नाही’चं काम आधीच केलेलं आहे, ‘अनलेस’नेही केलेलं आहे. “अनलेस यू स्टडी, यू वोन्ट पास.” अनटिलला ‘ईपर्यंत’, अनलेसला ‘शिवाय’. एवढी दोन रूपं मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

‘व्हेन’चं थोडक्यात. मुलं “व्हेन यू विल रीच, कॉल मी” लिहितात, कारण पोचायचं अजून व्हायचंय. त्यांना विचारा, मराठीत “पोचशील की फोन कर” म्हणता की “पोचलास की फोन कर”? भविष्यातली गोष्ट आपण भूतकाळाच्या रूपात सांगतोच की. मग इंग्रजी तीच वर्तमानाच्या रूपात सांगते, यात आश्चर्य कसलं? “व्हेन यू रीच, कॉल मी.” ‘इफ’चंही तेच.

शेवटचा मुद्दा यादीत कुठेच नसतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. आपण रोजच्या बोलण्यात वाक्यं जोडायला उभयान्वयी अव्यय वापरतो तरी किती? कंडक्टर असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला मी दिनक्रम सांगायला लावला. तो म्हणाला, “पहाटे उठून, आंघोळ करून, डबा घेऊन डेपोत जातो.” पूर्ण क्रियापद एकच, ‘जातो’. बाकी सगळी जोडणी ‘ऊन’ने केली. इंग्रजीत सांगताना त्याने प्रत्येक ‘ऊन’ला ‘आफ्टर’ लावला आणि दुसऱ्या ‘आफ्टर’ला अडकला. इंग्रजीत इथे साधी पूर्ण क्रियापदं ओळीने ठेवतात आणि शेवटच्याआधी एक ‘अँड’: “आय गेट अप अर्ली, हॅव अ बाथ, पॅक माय टिफिन अँड गो टू द डेपो.” कर्ता एकदाच.

पण सगळेच ‘ऊन’ ‘अँड’ने सुटत नाहीत. “दमून झोपलो” यात कारण आहे: “आय वॉज टायर्ड, सो आय स्लेप्ट.” “पाऊस असूनही गेलो” यात ‘ऑल्दो’ आहे. “रिक्षा करून आलो” यात कशाने आलो ते आहे, तिथे दुसरं वाक्यच नको: “आय केम बाय रिक्षा.” मराठी दोन क्रिया शेजारी ठेवते आणि नातं ऐकणाऱ्यावर सोडते. इंग्रजी वाक्य लिहिताना ते नातं आपण ठरवून उघड सांगावं लागतं. मुलांना भाषांतराला वाक्य द्याल तेव्हा आधी मराठीतच विचारा, हा ‘ऊन’ कसला? मग, कारण, असूनही, की कशाने? एकदा ते ठरलं की इंग्रजी शब्द आपोआप सापडतो.

वडगाव_क्लास

सर, मनापासून आभार. पट्ट्या आजच केल्या. ‘बट’ची पट्टी फिरवल्यावर मुलं स्वतःच “नाही टीचर, हे चुकतंय” म्हणाली.

पण त्या मुलीचा पुढचा प्रश्न तयार आहे. “मग ‘इफ’नंतर ‘देन’ कसा चालतो? पुस्तकात आहे. तो तर जर–तरच झाला.” शिवाय शाळेत सांगितलंय की ‘बिकॉज’ने वाक्य कधीच सुरू करायचं नाही. तुमच्या पट्ट्यांत तर ते सुरू होतंय.

संध्याकाळचा_वर्ग

तिला सांगा, ‘देन’ उभयान्वयी अव्यय नाहीच. ते क्रियाविशेषण आहे, ‘मग’सारखं. जोडायचं काम ‘इफ’ने केलेलं असतं, ‘देन’ नुसता जोर देतो, आणि काढला तरी वाक्याचं काही बिघडत नाही. हिंजवडीच्या मित्राच्या मोजणीतही म्हणूनच तो धरायचा नाही.

आणि इथेच तिच्यासाठी चांगली बातमी आहे. तिला ‘तरी’ हवाच असेल तर इंग्रजीत तो मिळतो, फक्त ‘बट’ म्हणून नाही. “ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी स्टिल वेंट.” हे वाक्य पूर्ण बरोबर आहे. ‘स्टिल’ही क्रियाविशेषणच. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तर ‘दो… येट’ अशी जोडी चांगली रुळलेली होती. १६११ सालच्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ती सापडते. म्हणजे दोन्हीकडे खूण ठेवावी असं इंग्रजी बोलणाऱ्यांनाही वाटलेलं आहे.

‘बिकॉज’ने सुरुवात खुशाल करू द्या. शाळेत तसं सांगतात त्यामागचा हेतू वेगळा असतो. मुलं “बिकॉज द बस वॉज लेट.” एवढंच लिहून पूर्णविराम देतात, ते थांबवायचं असतं. बोलताना “का रे उशीर?” याला तेवढं उत्तर पुरतं. लिहिताना ‘बिकॉज’ने सुरू केलं तर पूर्णविरामाच्या आधी मुख्य वाक्य आलं पाहिजे. ‘अँड’ आणि ‘बट’ने सुरू होणारी वाक्यं चांगले इंग्रजी लेखक नेहमी लिहितात. परीक्षेच्या पेपरात मात्र कमी वापरा म्हणावं, कारण काही परीक्षक ती चूक धरतात.

उत्तर : लॉ_कॉलेज_रोड

मी करारांचे मसुदे तपासते. शाळेपासून चालत आलेली एक गोष्ट इथे जोडावीशी वाटते: ‘हाउएव्हर’. ‘बट म्हणजे पण, हाउएव्हर म्हणजे परंतु’ असं शिकल्यामुळे लोक “द रेंट इज फिक्स्ड, हाउएव्हर द मेंटेनन्स मे चेंज” असं लिहितात. ‘हाउएव्हर’ही क्रियाविशेषण आहे, त्याच्यात दोन वाक्यं जोडायची ताकद नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम. ‘देअरफोर’चंही असंच.

आणि मुलांना जोडशब्द आणि स्वल्पविराम क्षुल्लक वाटत असतील तर अमेरिकेतल्या मेन राज्यातला खटला सांगा. तिथल्या कायद्यात जादा तासांचा वाढीव मोबदला कोणत्या कामांना मिळणार नाही याची यादी होती. तिच्या शेवटी “पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन” असे शब्द, ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नाही. आता हा ‘ऑर’ कुणाला जोडतो? पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी केलेलं पॅकिंग, असं एकच काम? की पॅकिंग हे एक काम आणि वितरण हे दुसरं? एका डेअरीचे ड्रायव्हर माल पोचवायचे, पॅकिंग करायचे नाहीत. पहिला अर्थ धरला तर त्यांना मोबदला मिळणार, दुसरा धरला तर नाही. २०१७ साली अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध आहे असं म्हणत ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१८ साली ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

हिंजवडी_फेज२

सर, मोजणीत ‘देन’ धरायचा नाही हे लिहून ठेवलं. अजून एक जोडशब्द आमच्याकडे रोज गोंधळ घालतो, तो ‘दॅट’. एका कंपनीत माझ्यासमोर घडलेलं सांगतो. एकाने क्लायंटला मेल केली: “द व्हेंडर सेड दॅट आय विल सेंड द फाइल टुडे.” क्लायंट दिवसभर मेल करणाऱ्याकडे फाइल मागत राहिला. मराठीत “व्हेंडर म्हणाला की मी आज फाइल पाठवतो” यात ‘मी’ म्हणजे व्हेंडर, यात कुणाला शंका येत नाही. ‘की’नंतर आपण समोरच्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत ‘दॅट’ आला की सगळं सांगणाऱ्याच्या बाजूने बदलावं लागतं: “द व्हेंडर सेड दॅट ही वुड सेंड द फाइल टुडे.” मुलांना ‘की म्हणजे दॅट’ शिकवाल तेव्हा हेही सोबतच शिकवा. नोकरीत फार उपयोगी पडतं.

वडगाव_क्लास

हे मी दहावीच्या रिपोर्टेड स्पीचलाच जोडून घेते. तिथे मुलं ‘से’चं ‘सेड’ करतात आणि ‘आय’ तसाच ठेवतात, त्याचं कारण आत्ता उमगलं.

एक शेवटचं विचारते. कारण सांगायला बिकॉज, सिन्स, ॲज असे तीन दिलेत. मुलं विचारतात कधी कोणता? आणि ‘म्हणून’साठी ‘सो’ कधी, ‘सो दॅट’ कधी?

संध्याकाळचा_वर्ग

‘म्हणून’चं आधी. मराठी वाक्यात त्याच्या आधीचं क्रियापद बघायचं. “पाऊस आला म्हणून थांबलो”, इथे गोष्ट घडून गेलेली आहे, तिथे ‘सो’. “चांगले गुण मिळावेत म्हणून अभ्यास करते”, इथे ‘मिळावेत’ आहे, इच्छा आहे, तिथे ‘सो दॅट’: “शी स्टडीज सो दॅट शी गेट्स गुड मार्क्स.” मराठी व्याकरणात एकाला परिणामबोधक म्हणतात, दुसऱ्याला उद्देशबोधक. मुलांना नावं आठवली नाहीत तरी चालेल, ‘आवा, आवी, आवेत’ ऐकू आलं की ‘दॅट’ जोडायचा.

आता ते तिघे. “सिन्स ही लेफ्ट पुणे, आय हॅव नॉट स्लेप्ट वेल.” हे वाक्य मुलांना द्या आणि अर्थ विचारा. काही म्हणतील तो गेल्यापासून झोप नाही, काही म्हणतील तो गेल्यामुळे झोप नाही. दोन्ही अर्थ निघतात. ‘ॲज’चंही तसंच: “ॲज ही वॉज लीव्हिंग, आय लॉक्ड द डोअर” यात तो निघत असताना, की निघत होता म्हणून? ‘बिकॉज’मध्ये हा घोळ नाही, तो फक्त कारणच सांगतो. तेव्हा कारणासाठी सध्या ‘बिकॉज’च लिहू द्या, ‘सिन्स’ ‘पासून’साठी ठेवा आणि ‘ॲज’ वाचनात आला की ओळखता आला म्हणजे झालं. ‘व्हाइल’ही दुहेरी आहे, ‘असताना’ आणि ‘उलट’, पण तो पुढच्या आठवड्यात घ्या. एका तासाला एवढे पुरे.